पाव सुताचा प्रश्न

इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमात या मापाला कधी स्थान नव्हते, आणि दशमान पद्धतीचा अंमल सुरू होऊन इतकी वर्षे लोटल्यावर ते असण्याचे कारणही नव्हते. तथापि माझे विद्यार्थी पुढे ज्या वर्कशॉपांत पोटापाण्याला लागले, तेथे नट, बोल्ट आणि पाइप अद्यापि सुतांतच मागितले जात असल्यामुळे, फिटरच्या वर्गाला शिकवताना मी हे माप आवर्जून सांगत असे. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत, हे मुले एका दिवसात शिकत. पाव सूत मात्र त्यांच्या गळी उतरवणे कठीण जाई, कारण पुरता एक मिलिमीटरही न भरणारे हे अंतर डोळ्यांना सहसा दिसत नाही आणि घाईत असलेल्या हाताला जाणवतही नाही. आयुष्यभर वर्गात सांगितलेल्या या गोष्टीचा सर्वांत स्वच्छ दाखला मला निवृत्तीनंतर, गेल्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या एका उपनगरात, भाच्याच्या गॅरेजमधील बिअरच्या एका जुन्या पिंपावर मिळाला. आणि त्या निमित्ताने जे विचार मनात घोळत राहिले ते केवळ त्या पिंपापुरते नाहीत असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे उचित होईल. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल आहे आणि परवान्यावाचून घरी बिअर तयार करण्याची मुभा येथे कोणासही नाही. ती असावी असा या लेखाचा आग्रहही नाही. अमेरिकेत मात्र घरच्या घरी बिअर आंबवणे हा लक्षावधी लोकांचा कायदेशीर छंद आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यान्वये फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाकाठी १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर, विक्रीसाठी नव्हे तर घरच्या उपयोगासाठी, करापासून मुक्त अशी करता येऊ लागली. निरनिराळ्या राज्यांनी आपापले कायदे त्याला अनुसरून बदलण्यास पुष्कळ काळ घेतला. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्ये तर २०१३ साली या मार्गावर आली. माझा भाचा संगणकाच्या व्यवसायात असला तरी शनिवार-रविवार तो धान्याचा काढा उकळण्यात, तो थंड करून त्यात यीस्ट घालण्यात आणि दोन आठवडे त्याच्या बुडबुड्यांकडे पाहत बसण्यात घालवतो. त्याची ही तन्मयता पाहून, लोणच्याची बरणी दररोज उन्हात ठेवून पुन्हा आत आणणाऱ्या माझ्या आईची मला आठवण झाली.

तयार झालेली बिअर बाटल्यांत भरायची तर एका खेपेला पन्नासांहून अधिक बाटल्या धुवाव्या, भराव्या आणि बुचे मारावी लागतात. हा त्रास टाळण्यासाठी हे छांदिष्ट लोक पोलादी केग वापरतात, आणि या केगचा पूर्वेतिहासच माझ्या विषयाचे मर्म आहे. हे केग बिअरसाठी कधी बनलेच नव्हते. सुमारे १९ लिटरांचे, स्टेनलेस पोलादाचे, कमरेपेक्षा कमी उंचीचे हे उभे नळकांडे शीतपेयांच्या कंपन्यांनी आपला गोड अर्क उपाहारगृहांना पोहोचवण्यासाठी वापरात आणले. मिनेसोटातील अनोका या गावी दीर्घकाळ ज्या कॉर्नेलियस कंपनीचे ठाणे होते, तिचे नाव या केगला कायमचे चिकटले आणि लोक त्याला लाडाने 'कॉर्नी' म्हणू लागले; परंतु फायरस्टोन, जॉन वूड इत्यादी इतर कारखानदारांनीही ते विपुल प्रमाणात बनवले. पेप्सीच्या गोटातील केगांना नळी जोडण्याचा सांधा छर्‍यांवर अडकणारा होता, कोका-कोलाच्या केगांचा सांधा बाहेर आलेल्या खुंट्यांवर अडकणारा होता. पुढे हा अर्क पुठ्ठ्याच्या खोक्यातील प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागला आणि पोलादी केग ओझे ठरून भंगाराच्या भावाने बाहेर पडले. नेमक्या याच काळात घरगुती बिअरचा छंद नव्याने फोफावत होता. अशा रीतीने एका व्यापाराने टाकून दिलेले भांडे दुसऱ्या एका हौसेने उचलले, आणि आज चाळीस-चाळीस वर्षे वयाचे केग अमेरिकेतील हजारो घरांच्या तळघरांत व गॅरेजांत निष्ठेने काम करीत आहेत.

या भांड्याची रचना पाहून कारागिराच्या मनाला आनंद व्हावा अशी आहे. त्याचे तोंड वाटोळे नसून लंबवर्तुळाकार आहे, झाकणही तसेच. ते तिरके करून आत घालायचे, आतून वर ओढायचे आणि तरफेच्या दांड्याने आवळायचे. आतल्या वायूचा दाब जितका वाढेल तितके झाकण आपल्या रबरी कड्यावर अधिक घट्ट बसते. आपल्याकडील गृहिणींना हे तत्त्व नवे नाही, कारण हॉकिन्सच्या कुकरचे झाकण याच रीतीने आतून बसते. केगच्या माथ्यावर दोन तोट्या असतात, एक वायू आत घालण्याची आणि दुसरी पेय बाहेर घेण्याची. त्यांना पोस्ट म्हणतात. प्रत्येक पोस्टच्या पोटात पॉपेट नावाची स्प्रिंगची एक इवलीशी झडप असते, तिला खालून वायूचा दाब आणि स्प्रिंगचा रेटा मिळून बंद ठेवतात आणि नळीचा सांधा वरून दाबला की ती उघडते. आमच्या लहानपणी जत्रेत मिळणाऱ्या गोटी सोड्याच्या बाटलीत हेच घडत असे: हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात योजलेल्या त्या बाटलीत वायू आपल्याच बळाने काचेची गोटी गळ्यातील रबरी कड्यावर दाबून धरी, आणि अंगठ्याने गोटी आत ढकलताच फसफसून उसळे. गोटी पिढ्यान्‌पिढ्या टिके; बदलावे लागे ते गळ्यातले रबर.

केगचेही तसेच आहे. पोलाद टिकते, रबर जाते. झाकणाखालची मोठी ओ-रिंग, प्रत्येक पोस्टच्या बाहेरच्या खाचेतील एकेक लहान ओ-रिंग आणि आतल्या नळ्यांच्या कॉलरखाली बसणाऱ्या दोन, अशी पाच कडी मिळून हे सगळे यंत्र हवाबंद होते. जुना केग घरी आणला की प्रथम ही पाचही कडी काढून टाकावीत असा जाणत्यांचा प्रघात आहे, आणि त्याचे कारण केवळ झीज हे नव्हे. भाच्याने भंगारातून आणलेल्या केगचे झाकण माझ्यासमोर उघडले तेव्हा आतून मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमासारखा वास आला. रूट बिअर नावाचे, नाव बिअरचे पण मद्यार्करहित असे एक पेय अमेरिकेत आबालवृद्ध पितात, त्याच्या अर्काचा तो वास होता; केग कितीही धुतला तरी तो जाईना, कारण तो पोलादात नव्हताच, रबरात मुरला होता. नवी कडी घालून त्यांना खाद्ययोग्य सिलिकॉनचे ग्रीस बोटाने लावले, केग गरम पाण्याने धुतला, आणि वास नाहीसा झाला. येथे एक सूचना करून ठेवतो, कारण आपल्याकडेही स्टेनलेसच्या टाक्या आता सर्वत्र आहेत: असे भांडे कपड्यांच्या ब्लीचने धुऊन तसेच ठेवू नये, त्यातील क्लोरीनमुळे पोलादावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते पुढे आतल्या आत खोल जातात.

रबरापर्यंत सारे सुरळीत चालते. अडचण पोस्ट बदलायची वेळ आली म्हणजे येते. पोस्ट हा केगच्या माथ्यावरच्या आट्यांवर बाहेरून फिरवून बसवायचा असतो, आणि निरनिराळ्या कारखान्यांनी, किंबहुना एकाच कारखान्याने निरनिराळ्या काळी, हे आटे तीन निरनिराळ्या व्यासांचे कापले. एक व्यास ९/१६ इंच, दुसरा १९/३२ इंच, तिसरा ५/८ इंच. अपूर्णांकांत ही मापे वाचली तर बुद्धी गोंधळते. पण सुतांत मांडली की चित्र लख्ख दिसते: साडेचार सूत, पावणेपाच सूत आणि पाच सूत. प्रत्येक दोहोंत अंतर केवळ पाव सुताचे, म्हणजे ०.७९ मिलिमीटरचे. शिवाय तिन्ही प्रकारांत इंचाला अठराच आटे असल्यामुळे पिच गेज लावून पाहणाऱ्याला ते तिघेही सख्खे भाऊ वाटतात. मोठा व्यास असलेल्या केगवर लहान पोस्ट चढतच नाही, त्यामुळे तेथे चूक ताबडतोब कळते. लहान व्यासाच्या केगवर मोठा पोस्ट मात्र चढतो, बोटांनी सहज फिरतो, शेवटपर्यंत जातो, थोडासा आवळतोही, आणि माणसाला वाटते की काम झाले.

भाच्याची तक्रार होती की गॅसचे सिलिंडर चार दिवसांत रिकामे होते आणि ग्लासात बिअरपेक्षा फेसच जास्त येतो. 'मामा, गॅस जातोय कुठे ते तुम्ही बघाल का? मी सगळ्या रिंग बदलल्या, तरी जातोय,' असे त्याने म्हटले तेव्हा त्याच्या स्वरात त्रासापेक्षा खंत अधिक होती, कारण पेय घेण्याच्या बाजूचा पोस्ट त्याने स्वतः नवा आणून बसवला होता आणि त्याच्या वेष्टनावर सर्व जुन्या केगांना बसतो असा मजकूर स्वच्छ छापलेला होता. मी साबणाचे पाणी केले आणि ब्रशने सांध्यांवर लावले. झाकण कोरडे राहिले, वायूच्या बाजूचा पोस्ट शांत राहिला. पेयाच्या पोस्टच्या बुडाशी मात्र मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे ओळीने उमलू लागले. फेसाचेही कारण तेथेच होते, कारण नळीच्या कॉलरखालचे कडे नीट दाबले गेले नाही की वरच्या पोकळीतील वायू तेथून शिरून ग्लासाकडे निघालेल्या बिअरमध्ये मिसळतो. प्रथम सिलिंडर बंद करून झाकणावरची सुरक्षा झडप ओढून सगळा दाब सोडून दिला. जो कोणी दाबाच्या भांड्याला हात लावतो त्याने हा क्रम कधीही चुकवू नये. मग पोस्ट दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवला, आणि तो हलला. फिरला असे म्हणत नाही. बसलेल्या दाताप्रमाणे न राहता पडायला आलेल्या दाताप्रमाणे हलला. पाना लावून आवळून पाहिले तेव्हा तो आवळत-आवळत एकदम हलका पडला आणि पुढे नुसता फिरत राहिला. काढून पाहतो तो आतल्या आट्यांची शिखरे सोलली गेली होती आणि पोस्टच्या आत चांदीच्या वर्खासारखा बारीक कीस चिकटला होता. केगच्या आट्यांवर व्हर्नियर लावला: १४.२ मिलिमीटर. साडेचार सूत. पोस्ट पावणेपाच सुती होता.

बिअरला जो दाब लागतो तो फार नसतो, चौरस इंचाला १२ पौंडांच्या आसपास. केगवर कोरलेली कमाल मर्यादा १३० पौंडांची आहे. तेव्हा हा पोस्ट उडून कोणाला लागला असता असे सांगून मी विषय भडक करू इच्छित नाही. परंतु झाकण पहिल्यांदा नीट बसवण्यासाठी अनेक जण क्षणभर ३० पौंडांपर्यंत दाब देतात, त्या वेळी माणूस केगवर वाकलेला असतो, आणि अर्ध्या आट्यांवर तोललेला धातूचा तुकडा त्याच्या चेहऱ्यासमोर असतो. शिवाय गळणारा कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असल्यामुळे बंद तळघरात जमिनीलगत साचतो. भाच्याच्या गॅरेजचे दार बहुधा उघडे असते, हे त्याचे सुदैव.

आता माझा मुद्दा. या सबंध प्रकरणात चूक कोणाची, असे मी स्वतःला विचारले. भाच्याची नाही, त्याने वेष्टनावरचा मजकूर वाचून विश्वासाने वस्तू घेतली होती. चाळीस वर्षांपूर्वी केग बनवणाऱ्यांना दोष द्यावा, तर त्यांनी वस्तू इतकी उत्तम बनवली की ती तिच्या मूळ व्यापाराच्या अंतानंतरही टिकून राहिली. त्यांच्याकडून एकच गोष्ट करायची राहून गेली. केगच्या अंगावर कारखान्याचे नाव आहे, दाबाची मर्यादा आहे, पुष्कळदा बनवल्याचा महिना व साल आहे. आट्यांचे माप नाही. त्या काळी ते लिहिण्याची गरज भासली नसावी, कारण केग कंपनीकडून जात, कंपनीकडे परत येत आणि कंपनीच्याच कारागिरांच्या हातून दुरुस्त होत. कोणाला काय बसते हे त्या कारागिरांना ठाऊक होते. केग ज्या दिवशी त्या आवारातून बाहेर पडला त्या दिवशी हे ज्ञान मागे राहिले. पुढे सुटे भाग विकणाऱ्यांनी 'सर्वांना बसतो' असे छापून ती उणीव झाकली. माझ्या मते या दोन शब्दांइतके घातक विधान सुट्या भागाच्या वेष्टनावर दुसरे असू शकत नाही, आणि ते छापणाऱ्याकडून त्याची रुजुवात मागण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला असला पाहिजे.

आट्यांच्या अशा विसंवादाची किंमत समाजाने याआधी फार मोठ्या प्रमाणावर मोजलेली आहे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले, आणि फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली वेगळे सुचवले. एकाचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६० अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे नट आणि बोल्ट एकमेकांना बसेनात म्हणून अखेर १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांना एकत्र बसून समाईक आटे ठरवावे लागले. याहून हृदयद्रावक दाखला बाल्टिमोर शहराचा आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये तेथे आग लागली, तिला विझवण्यासाठी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि इतर शहरांतून बंब आगगाडीने धावत आले, आणि त्यांच्या होजपाइपांचे सांधे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. माणसे होती, बंब होते, पाणीही होते. दोहोंना जोडणाऱ्या सांध्याचे माप तेवढे जुळत नव्हते. सुमारे तीस तास आग चालली आणि दीड हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. आगीची अन्य कारणेही होती, पण या घटनेनंतर अमेरिकेत बंबांच्या सांध्यांचे प्रमाण ठरवण्याच्या कामाला निकड आली.

असे असता, प्रमाणीकरणाने सर्व प्रश्न सुटतो असे मात्र मला म्हणायचे नाही. जगातील सर्व केगांना एकच आटा असावा असे फर्मान आज काढले तरी भाच्याच्या गॅरेजमधील केगचा आटा बदलणार नाही. जुन्या वस्तू नव्या नियमांच्या आधीच जन्मलेल्या असतात, आणि पृथ्वीवरील बहुतेक वस्तू जुन्या आहेत. म्हणून प्रमाण ठरवण्याइतकेच, माझ्या दृष्टीने कांकणभर अधिकच, महत्त्व माप उघड सांगण्याला आहे. वेगळे माप ठेवण्याची मुभा कारखानदाराला खुशाल असावी; ते गुप्त ठेवण्याची मुभा नसावी.

याला प्रतिपक्षाकडून दोन उत्तरे मिळतात. नवे केग आता सहज मिळतात, तेव्हा जुन्यांच्या नादी लागावे कशाला, हे पहिले. ज्याला नवा घ्यायचा त्याने अवश्य घ्यावा. परंतु न गंजणारे, न झिजलेले पोलाद केवळ एका तोटीचे माप ठाऊक नाही म्हणून वितळवायला पाठवावे हे मला अन्नाच्या नासाडीसारखे वाटते. ज्या घरात पितळेच्या डब्याला कल्हई करून तीन पिढ्या वापरले त्या घरात वाढलेल्या माणसाला यापेक्षा वेगळे वाटणे शक्य नाही. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे: दाबाची भांडी अडाणी हातांनी दुरुस्त करू नयेत, त्यात जीविताला धोका आहे, म्हणून मापे जाहीर न करणेच हितावह. या म्हणण्यातील पूर्वार्ध मला मान्य आहे. ज्या केगच्या सांधणीला तडा गेला आहे, ज्याचे तोंड आपटून वेडेवाकडे झाले आहे, तो दुरुस्तीच्या भानगडीत न पडता भंगारातच टाकावा. सुरक्षा झडप तर कधीही वेल्डिंग करून किंवा बूच मारून बंद करू नये. उत्तरार्ध मात्र अनुभवाच्या विरुद्ध आहे. माझ्या भाच्याला माप कळले म्हणून धोका उत्पन्न झाला नाही. ते कळले नव्हते म्हणून झाला. लोक दुरुस्ती करतातच, करणारच आहेत. त्यांना मापाविना करायला लावणे हा सुरक्षिततेचा मार्ग होऊ शकत नाही.

हे सारे दूरदेशीच्या छंदाचे वर्णन झाले, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील तर मी त्याला आपल्याच गावातील भांड्यांच्या दुकानात घेऊन जाईन. कुकरचे गॅस्केट मागायला गेलेल्या बाईला दुकानदार विचारतो, 'किती लिटरचा?' ती पाच लिटर म्हणते. तो खुंटीवरच्या रबरी कड्यांच्या माळेतून दोन-तीन काढतो, हातात ताणून पाहतो आणि शेवटी म्हणतो, 'ताई, जुनी रिंग आणा, नाहीतर झाकणच घेऊन या.' घरगुती प्रेशर कुकरला आय. एस. २३४७ हे भारतीय मानक लागू आहे, त्याची चाचणी होते, त्यावर शिक्का असतो. पण वर्ष-दोन वर्षांनी ज्या कड्यावाचून तो निरुपयोगी होणार त्या कड्याचे माप झाकणावर कोरलेले मी तरी अद्याप पाहिलेले नाही. गॅसच्या शेगडीची बटणे, मिक्सरच्या भांड्याखालचा कप्लर, पाण्याच्या नळातला वायसर, सगळीकडे हीच तऱ्हा. अखेर माणूस नवी वस्तू घेऊन घरी येतो, आणि जुनी माळ्यावर जाते.

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने असे चार विभाग त्यात घेतले आहेत. हे पाऊल योग्य दिशेचे आहे यात शंका नाही. ज्या मिनेसोटात हा केग मी उघडला त्या राज्यानेही २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आणला. परंतु तो प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी आहे, आणि या विषयावरील सर्वत्र चाललेली चर्चाही बहुतांशी त्याच वस्तूंभोवती फिरते. मोबाइलच्या पडद्याची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. नळ, झाकण, तोटी, कडे, आटा या मूक वस्तूंची बाजू मांडणारा त्या चर्चेत फारसा कोणी दिसत नाही, आणि सामान्य घरात दुरुस्ती म्हणून जे काही होते त्यातील मोठा भाग याच वस्तूंचा असतो.

यासाठी नव्या कायद्याची फार मोठी यातायात करावी लागेल असेही नाही. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांत, जेथे वस्तूचे आकारमान महत्त्वाचे आहे तेथे ते वेष्टनावर जाहीर करावे अशी तरतूद पूर्वीपासून आहे. सुट्या भागाइतके आकारमानाचे महत्त्व दुसऱ्या कोणत्या जिनसेला असणार? तेव्हा या तरतुदीचा अंमल सुट्या भागांच्या बाबतीत कसोशीने व्हावा, 'सर्वांना बसतो' हा मजकूर मापाचा पर्याय म्हणून ग्राह्य धरला जाऊ नये, आणि दुरुस्तीच्या संकेतस्थळावर कंपन्यांनी केवळ सेवाकेंद्रांचे पत्ते न देता प्रत्येक झिजणाऱ्या भागाचे व्यास, जाडी, आट्यांची संख्या आणि रबराची जात दिली पाहिजे अशी माझी मागणी आहे. वेष्टन तर पहिल्याच दिवशी केरात जाते. म्हणून दाबाखाली किंवा विस्तवावर चालणाऱ्या वस्तूंच्या अंगावरच ही मापे कोरली जावीत. कुकरच्या झाकणाच्या कडेला चार अंक उमटवण्यास साच्यात एकदाच बदल करावा लागेल. त्यापुढे तो कुकर ज्या ज्या सुनेच्या, नातसुनेच्या किंवा मोलाने काम करणाऱ्या बाईच्या हाती जाईल तिला जुनी रिंग पदरात बांधून दुकानोदुकान हिंडण्याची तसदी पडणार नाही. भारतीय मानक ब्यूरोने कुकरच्या मानकाच्या पुढील सुधारणेत ही एवढी ओळ घालण्याची तजवीज करावी.

भाच्यासाठी साडेचार सुती पोस्ट मिळवायला आठवडा गेला. तो आल्यावर आम्ही केगच्या आट्यांना ग्रीस लावले, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे घासले की आटे एकमेकांना धरून बसतात आणि मग करवतीवाचून सुटत नाहीत. नवा पोस्ट बोटांनी फिरवताना पहिल्याच फेऱ्याला त्याची पकड हाताला जाणवली. पाव फेरा पान्याने आवळला, दाब दिला, साबणाचे पाणी लावले, आणि दहा मिनिटे आम्ही दोघे त्या ओल्या पोलादाकडे पाहत उभे राहिलो. एकही बुडबुडा आला नाही. मग मी त्याच्या एन्ग्रेव्हरने केगच्या माथ्यावर, कारखान्याच्या नावाच्या खाली, '९/१६–१८' असे कोरले. त्याच्याकडे असे आणखी दोन केग आहेत. एकाचा आटा पाच सुती निघाला, त्यावरही तसे कोरून ठेवले. तिसऱ्यात बिअर भरलेली होती, तो रिकामा होईपर्यंत पोस्ट काढता येण्यासारखा नव्हता आणि माझे परतीचे तिकीट आधीच काढलेले होते, म्हणून माझा व्हर्नियर मी भाच्याजवळ ठेवून आलो.